मुक्कामी ट्रेकची आखणी: आधी रात्रींचे मुक्काम ठरवा, मग वाट

पुण्यातून निघणाऱ्या चार-पाच दिवसांच्या ट्रेकची आखणी बहुतेक वेळा उलट्या टोकाने सुरू होते. नकाशावर राजगड, तोरणा, रायगड अशी रेघ मारली जाते. कोणाकडून तरी जीपीएस ट्रॅक मिळवला जातो, व्हॉट्सअॅप ग्रुप तयार होतो, बुटांवर दोन दिवस चर्चा झडते. निघायच्या आदल्या रात्री कोणीतरी विचारतं, "अरे, पण झोपायचं कुठे?" उत्तर ठरलेलं असतं: "देवळात. बघू तिथे गेल्यावर."

हे "बघू" पूर्वी खपून जायचं. आता गडांवरचे नियम बदललेत, गर्दी वाढली आहे, आणि वाटेवरच्या वाड्यांमधली तरुण मंडळी कामासाठी शहरात असल्याने अवेळी आलेल्या वीस जणांचा स्वयंपाक करायला घरात माणूसच नसतं. मुक्काम हुकला की पुढचा सगळा डाव बिघडतो, कारण सह्याद्रीत पुढचं गाव "अजून थोडं" चालून येत नाही. मध्ये डोंगरधार असते, नाहीतर घाटाची नाळ, म्हणजे खाली उतरणारी अरुंद घळ.

खाली उदाहरण म्हणून गुंजवणे (राजगडाच्या पायथ्याचं गाव) ते रायगड ही वाट घेतली आहे, कारण सर्वात जास्त चुका हिच्यावरच होतात. लोणावळा-भीमाशंकर किंवा दुसरी कुठली सलग वाट करायची असली तरी पायऱ्यांचा क्रम हाच ठेवा.

## १. कागदावर फक्त रात्रींचे मुक्काम लिहा

कोऱ्या कागदावर तारखा मांडा आणि प्रत्येक तारखेपुढे "रात्री कुठे" एवढंच लिहा. गड, माच्या, धबधबे काही नको. एकाही रात्रीपुढे "बहुतेक", "देऊळ असेल", "तंबू टाकू" असं काही आलं तर ती रात्र मोकळी आहे असं धरा.

नेहमीचा आराखडा असा असतो: पहिली रात्र राजगडावर पद्मावती मंदिरात, दुसरी तोरण्यावर मेंगाई मंदिरात, तिसरी मोहरी गावात, चौथ्या दिवशी रायगड. जुन्या वर्णनांत हेच सापडेल. यातल्या पहिल्या दोन रात्री आज भरवशाच्या नाहीत. राजगड हे राज्य संरक्षित स्मारक आहे आणि तिथल्या रात्रीच्या मुक्कामावर पुरातत्त्व विभागाने बंधनं आणली आहेत. २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून जे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, त्यांत राजगडही आहे आणि रायगडही. तिथली देखरेख सैल होण्याची शक्यता धरू नका. रायगड, लोहगड, विसापूर, शिवनेरी हे किल्ले केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे आहेत. केंद्राची संरक्षित स्मारकं दिवसाउजेडापुरतीच उघडी असतात. सिंहगडावर दिवसा झुणका-भाकर आणि दही मिळेल, पण मुक्कामाच्या हिशेबात त्याला घेऊ नका.

म्हणून माझा आराखडा गडांवर झोपत नाही. तो असा:

पहिली रात्र गुंजवणे. पुण्याहून दुपारी निघायचं, संध्याकाळी गावात.
दुसरी वेल्हे, तोरण्याच्या पायथ्याशी. राजगड चढून, संजीवनी माचीच्या अळू दरवाजातून तोरण्याच्या दिशेला उतरायचं, मधल्या डांबरी रस्त्यावर ठरवलेली जीप घेऊन वेल्ह्यात.
तिसरी भट्टी. सकाळी त्याच जीपने परत रस्त्यावर, तिथून धारेने बुधला माची, कोकण दरवाजा, तोरणा पाहून बुधल्याकडून भट्टीच्या बाजूला खाली.
चौथी मोहरी. हारपुडच्या बाजूने.
पाचवी पाचाड, रायगडाच्या पायथ्याशी. घाट उतरून, काळ नदी ओलांडून.

पाच रात्री म्हटल्यावर लोक नाक मुरडतात. "आमच्या मित्राने तीन दिवसांत केलं." केलं असेल. तुमच्या ग्रुपमधल्या सर्वात हळू चालणाऱ्या माणसाला तो मित्र भेटलेला नाही.

तपासा: मधल्या रस्त्यावर जीपने उतरून दुसऱ्या दिवशी त्याच ठिकाणाहून सुरुवात केली तर चालण्याची साखळी तुटत नाही. "सलग" या शब्दापायी धारेवर उघड्यावर रात्र काढण्याची गरज नाही.

## २. मुक्कामाची जात ओळखा

सगळे मुक्काम सारखे नसतात. प्रत्येकासाठी परवानगी वेगळ्या माणसाची लागते आणि इथेच घोळ होतो.

गावातलं घर. सर्वात भरवशाचं. जेवण, पाणी, अडीअडचणीला माणूस, सगळं एका जागी. झोपायला पडवी किंवा पुढची खोली मिळते. राजमाचीच्या उधेवाडीत किंवा भीमाशंकरच्या वाटेवरच्या खांडसमध्ये ट्रेकर नेहमीचे, त्यामुळे सोय बसलेली आहे. भट्टी, मोहरीसारख्या ठिकाणी घरं थोडी आणि सोय माणसाच्या ओळखीवर.

गावातलं देऊळ. गावकऱ्यांच्या किंवा पुजाऱ्याच्या होकाराशिवाय अंथरूण टाकायचं नाही. सप्ताह, जत्रा, लग्नसराई असेल तर जागा नाहीच. आरती पहाटे होते, तेव्हा सामान आवरून बाजूला हवं. देवाकडे पाय करून झोपू नये, आत अंडी-मटण नाही, हे सांगावं लागू नये, पण लागतं.

जिल्हा परिषदेची शाळा. मुख्याध्यापक आणि सरपंच दोघांना विचारायचं. सुट्टीच्या आदल्या रात्रीपुरतीच धरा. शाळा भरायच्या आत व्हरांडा झाडून रिकामा.

धर्मशाळा, लॉज, भक्तनिवास. तीर्थक्षेत्राच्या गावी. भीमाशंकर, पाचाड-हिरकणीवाडी, महाड. इथे अडचण जागेपेक्षा तारखेची असते, ते पुढे येईलच.

गडावरची देवळं, लेणी, गुहा. चालेल असं लेखी किंवा तोंडी कोणी जबाबदार माणसाने सांगितलं तरच. हरिश्चंद्रगडावर लेणी आहेत म्हणून तिथे कायम जागा आहे असं समजू नका. तो गड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो आणि वनखात्याचे नियम हंगामागणिक बदलतात.

तंबू. तंबूने मुक्कामाचा प्रश्न सुटतो असा एक मोठा गैरसमज आहे. तंबू म्हणजे फक्त छप्पर. जागेची परवानगी, पाणी आणि जेवण तरीही शोधावंच लागतं. खाजगी जमीन असेल तर मालकाला विचारा. राखीव जंगल किंवा अभयारण्य असेल तर वनखात्याची परवानगी नसताना तंबू ठोकू नका.

इशारा: राखीव वनात आग पेटवणं भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे. जानेवारीनंतर डोंगरावरचं गवत वाळून कोळ होतं. शेकोटीची एक ठिणगी अख्ख्या धारेला वणवा लावते. गडांच्या कड्यांवर आग्या मोहोळं असतात, धुराने ती उठतात, आणि मग पळायला वाट एकच असते.

## ३. किलोमीटर बाजूला ठेवा, तास मोजा

राजगड ते तोरणा अंतर बारा किलोमीटरच्या आसपास सांगितलं जातं. पुण्यात टेकडीवर रोज फिरणाऱ्याला हा आकडा हलका वाटतो. नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक ठोकताळा दिला, तो अजून जगभर वापरतात: ताशी साधारण पाच किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाईला वरून एक तास. त्या हिशेबाने हे अंतर साडेतीन तासांत संपायला हवं. प्रत्यक्षात पाठीवर सामान घेऊन सहा ते सात तास लागतात.

का लागतात ते वाटेवर कळतं. अळू दरवाजाखालची उतरण घसाऱ्याची, पाऊल तिरकं टाकत जावं लागतं. धारेवर सरळ चाल नाही. टेकाड चढा, उतरा, पुन्हा चढा. कारवीच्या रानात पुढचा माणूस दिसत नाही म्हणून थांबा. बुधल्याकडे चढताना शेवटचा टप्पा हाताने धरून. आणि सहा जणांच्या ग्रुपमध्ये कोणाच्या तरी बुटाचा तळ निघालेला असतोच, विशेषतः पाच वर्षं माळ्यावर पडून असलेल्या बुटाचा.

म्हणून सह्याद्रीसाठी नेस्मिथच्या उत्तराची दुप्पट करा. अतिशयोक्ती वाटेल, पण पहिल्याच दिवशी पटेल.

मग मागून मोजत या. डिसेंबरात पुण्याच्या भागात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. डोंगराच्या सावलीतल्या गावात त्याआधीच अंधारून येतं. मुक्कामी चार वाजता पोचायचं असं धरा. चारमधून चालण्याचे तास आणि जेवणाचा एक तास वजा केला की निघायची वेळ मिळते. ती पहाटे चारची आली तर टप्पा मोठा आहे. मध्ये आणखी एक रात्र घाला किंवा गाडीने तुकडा कमी करा.

गुंजवण्यातून चोर दरवाजाने राजगड दोन-अडीच तास, गड पाहायला दोन, आणि पुढे धारेवरून रस्त्यापर्यंत तीन-चार. सकाळी सहाला निघालात तर दुपारी अडीच-तीनला जीपपाशी. हा दिवस बसतो. त्याच दिवशी तोरणाही चढून वेल्ह्यात उतरायचं म्हटलं तर बारा तासांच्या पुढे जातो आणि शेवटची उतरण विजेरीच्या उजेडात. हे दोन गड एका दिवसात करणारे खूप आहेत, पण त्यांच्या पाठीवर चार रात्रींचं सामान नसतं.

तपासा: प्रत्येक दिवसापुढे तीन वेळा लिहा: निघण्याची, "इथपर्यंत या वेळेत नाही पोचलो तर मागे फिरायचं" ही, आणि पोचण्याची. मधली वेळ लिहिली नाही तर डोंगरात ती कोणीही मान्य करत नाही.

## ४. फोन: कोणाला, कधी, काय विचारायचं

इंटरनेटवर सापडलेला नंबर म्हणजे मुक्काम ठरला असं नव्हे. नंबर जुना असतो, माणूस पुण्यात कामाला असतो, किंवा फोन उचलतो तो मुलगा आणि घरी ठाऊकच नसतं.

क्रम असा ठेवा. तीन आठवडे आधी पहिला फोन: सोय होते का, त्या तारखांना गावात काही कार्य आहे का. आठवडाभर आधी दुसरा: माणसांचा नक्की आकडा. आदल्या दिवशी तिसरा, निघालोय म्हणून. मोहरीसारख्या ठिकाणी नेटवर्क मिळेलच असं नाही. तिथे आधीच्या मुक्कामाच्या गावातून निरोप धाडावा लागतो. भट्टीच्या घरी विचारा, मोहरीत पाव्हणे कोण आहेत. बहुतेक वेळा असतात, आणि त्या ओळखीने मिळालेली जागा इंटरनेटवरच्या नंबरापेक्षा पक्की.

फोनवरचं बोलणं साधारण असं व्हावं:

"नमस्कार मामा, पुण्याहून बोलतोय. शनिवारी संध्याकाळी आम्ही सहा जण तोरण्याकडून उतरतोय. चार गडी, दोन मुली. रात्रीचं जेवण, सकाळचा चहा-नाश्ता आणि झोपायला जागा होईल का?"

"या की. पर मान्सं किती त्ये आदल्या दिशी नक्की सांगा. किराना वेल्ह्याहून आनावा लागतो."

त्या शेवटच्या वाक्यातच सगळं आलं. सहा सांगून अकरा जण गेलात तर घरातल्या मावशींना रात्री आठला पुन्हा पीठ मळावं लागतं. सहा सांगून तीनच गेलात तर आणलेलं वाया जातं, आणि पैसे कोणी मागत नाही. आकडा बदलला तर ठरलेल्या सगळ्या ताटांचे पैसे द्या.

विचारायच्याच गोष्टी:

- ताटाचे आणि राहण्याचे किती, एकत्र की वेगळे. आधीच विचारलेलं दोघांनाही सोयीचं.
- शौचालय आहे का आणि त्याला पाणी आहे का. ग्रुपमध्ये मुली-बायका असतील तर हा प्रश्न आडून नको, सरळ विचारा.
- गावात पिण्याचं पाणी सध्या कुठून येतं. उन्हाळ्याच्या तोंडाला टँकर चालू असेल तर तुमच्या आंघोळीचा विषयच काढू नका.
- पुढच्या टप्प्याला वाट दाखवायला कोणी येईल का आणि त्याचे काय द्यायचे.

इशारा: या तारखांना जागेचा भरवसा धरू नका: १९ फेब्रुवारीची शिवजयंती, महाशिवरात्र, श्रावणी सोमवार (भीमाशंकर), ६ जून आणि ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीचा राज्याभिषेक सोहळा (रायगड), हनुमान जयंतीच्या सुमारास शिवपुण्यतिथी (रायगड), आणि ३१ डिसेंबर. शेवटच्या तारखेला तर गडांच्या पायथ्याशी तपासणीही असते. भीमाशंकरला जाणार असाल तर मंदिर परिसरात काम किंवा दर्शनावर बंधनं आहेत का, तेही आदल्या आठवड्यात विचारून घ्या.

## ५. प्रत्येक रात्रीला एक पर्यायी मुक्काम

ठरलेला मुक्काम गाठता आला नाही तर काय, हे घरी बसून ठरवायचं. डोंगरात थकलेल्या डोक्याने ठरवलं की "चला, जाऊ पुढे" हेच उत्तर निघतं.

राजगडाच्या दिवशी पर्याय सोपा: पाली दरवाजाने उतरून पाली गाव. वाट रुंद, पायऱ्यांची. तोरण्याच्या दिवशी बिनी दरवाजाने सरळ वेल्हे. तालुक्याचं ठिकाण असल्याने तिथे खाणावळ, औषधं, एसटी सगळं आहे. (तालुक्याचं नाव आता राजगड झालंय. बसवर मात्र गावाचंच नाव शोधा.) मोहरीच्या दिवशी वाटेत जो गाडीरस्ता लागतो, तो कुठे लागतो हे नकाशावर ठळक करून ठेवा.

घाट उतरायच्या दिवसाला असा पर्याय जवळजवळ नाहीच. म्हणून त्या दिवसावर थोडं थांबू.

मोहरीहून कोकणात उतरायला दोन नाळा लोक वापरतात. बोराट्याची नाळ लिंगाणा या सुळक्यासारख्या किल्ल्याच्या आणि रायलिंग पठाराच्या मधून उतरते. ती म्हणजे मोठमोठ्या धोंड्यांची घळ. दगड हलते, वरच्या माणसाच्या पायाखालचा सुटला तर खालच्याच्या डोक्यावर. सिंगापूरची नाळ दापोलीकडे उतरते. (ही दापोली रत्नागिरीची नव्हे, रायगडच्या पायथ्याच्या खोऱ्यातली.) ही तुलनेने मवाळ आणि गावकऱ्यांच्या वापरातली. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी सिंगापूरची धरावी असं माझं स्पष्ट मत आहे. लिंगाणा जवळून बघायचा म्हणून बोराट्याची नाळ धरणारे फोटो चांगले आणतात, पण पाच दिवसांच्या वाटचालीत गुडघे कुठे खर्च करायचे याचा विचार करा. लिंगाणा रायलिंग पठारावरूनही समोर दिसतो, अगदी हाताच्या अंतरावर वाटावा असा, आणि तिथे मोहरीतून संध्याकाळी सहज जाऊन येता येतं.

दोन्हीपैकी कुठलीही नाळ धरली तरी मोहरी किंवा सिंगापूरचा माणूस वाटाड्या म्हणून घ्याच. आणि नाळेत शिरायच्या आधी पाऊस झाला असेल, ढग भरून आले असतील, तर उतरायचं नाही. एक रात्र मोहरीत वाढवायची किंवा गाडीने वेल्ह्याला परत. नाळ हा पाण्याचा रस्ता आहे, आपण तिथे पाहुणे. जून ते सप्टेंबर या वाटेचा विचारच नको. ऑक्टोबर अखेर ते फेब्रुवारी हाच हंगाम. मार्चपासून धारेवर ऊन आणि कोकणात घामाने जीव जातो.

तपासा: प्रत्येक रात्रीपुढे आता दोन गावं लिहिलेली हवीत. दुसरं गाव सुचत नसेल तर त्या दिवशी वाटाड्या सक्तीचा.

## ६. पाणी आणि जेवण मुक्कामाला बांधा

रात्र गावात असेल तर पाणी फक्त दिवसाचं वाहायचं: माणशी तीन लिटर, उन्हाच्या दिवशी चार. राजगडावर पद्मावतीच्या परिसरात पिण्याचं पाणी मिळतं. तोरण्यावर मेंगाई मंदिराजवळच्या टाक्यात हिवाळ्यात असतं, उन्हाळ्यात खात्री नाही. दोन्हींमधल्या धारेवर पाणी नाही असंच धरा. टाक्याचं पाणी गाळून, क्लोरीनचे थेंब टाकून घ्या. आणि टाक्यात पाय, भांडी, कपडे काही बुडवू नका. तेच पाणी तुमच्यामागून येणारे पिणार आहेत.

जेवणाचं गणित सोपं ठेवा. रात्रीचं आणि सकाळचं घरी, दुपारचं डब्यात. मुक्कामाच्या घरी आदल्या रात्रीच सांगितलं तर सकाळी भाकरी-चटणी बांधून मिळते. त्याचे पैसे वेगळे द्यायचे. याखेरीज माणशी एका वेळचं कोरडं खाणं कायम पिशवीच्या तळाशी: दशम्या, गूळ-शेंगदाणे, खजूर, चिक्की. ते पाचाडला पोचेपर्यंत उघडायचं नाही.

स्टोव्ह, पातेलं, मॅगीची चवड हे सगळं गावच्या मुक्कामाला लागत नाही. दोन-तीन किलो वजन इथेच उतरतं.

## ७. सामान: झोपण्यापुरतं नीट, बाकी कमी

पडवी सारवलेली असते आणि जमिनीतून गारवा चढतो. खाली कॅरीमॅट हवीच. ती नसेल तर महागडी स्लीपिंग बॅगही उबेला कमी पडते. डिसेंबर-जानेवारीत उंचावरच्या गावात पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास येतो. कानटोपी आणि एक कोरडा कपड्यांचा जोड फक्त झोपायला, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून. घामाच्या कपड्यांत झोपलात की दुसऱ्या दिवशी अंग धरतं.

विजेरी प्रत्येकाची स्वतःची, डोक्याला लावायची. अंगणात रात्री अनवाणी फिरायचं नाही, आणि बूट सकाळी झटकून घालायचे. घोणस आणि फुरसं या भागात आहे. फुरसं तर दगडाखाली ओळखूही येत नाही. साप चावला तर बांधाबांध, चिरणं, चोखणं काही न करता त्या अवयवाची हालचाल थांबवा आणि १०८ ला फोन करून लवकरात लवकर रुग्णालय गाठा.

रोख पैसे घ्या, आणि शंभर-पन्नासच्या नोटांत. नेटवर्कच नसेल तर फोनमधल्या पैशाचा काय उपयोग? शिवाय पाचशेची नोट दाखवून "सुट्टे नाहीत का मामा" असं विचारलं की समोरचा संकोचाने पैसे सोडून देतो.

## ८. मुक्कामी पोचल्यावर, याच क्रमाने

एक: घरच्यांना भेटा, माणसं मोजून सांगा. मागे कोणी राहिलं असेल तर तेही सांगा, म्हणजे उजेड असताना गावातलं कोणी बघायला जाऊ शकतं.

दोन: पाणी भरून घ्या. अंधारात विहिरीवर जाणं टाळा.

तीन: उद्याची वाट विचारा, तीही दोन माणसांना वेगवेगळी. "सरळच हाये" हे उत्तर मिळालं तर पुढे विचारा: खिंडीपासून डावीकडे की उजवीकडे, वाटेत पहिलं घर कोणाचं, ढोरवाट कुठे फुटते. ढोरवाटा हा या भागातला सर्वात मोठा चकवा. मळलेली, रुंद, छान वाट असते आणि पाणवठ्यावर जाऊन संपते. जीपीएस ट्रॅकवर ती दिसत नाही.

चार: वाटाड्याची वेळ आणि पैसे रात्रीच नक्की करा. सकाळी त्याला गुरं सोडायची असतात.

मग चहा.

रात्री नऊला घर झोपतं. ब्लूटूथ स्पीकर पुण्यातच ठेवा. दारू आणली असेल तर ती घरात काढणं हा घरधन्याचा अपमान आहे, आणि पुढच्या ट्रेकरला "जागा नाही" ऐकावं लागतं त्यामागे बहुधा अशीच एखादी रात्र असते.

इशारा: आपला प्लॅस्टिक कचरा घरी देऊ नका. गावात कचरागाडी येत नाही. तो चुलीत जातो नाहीतर ओढ्यात.

## ९. शेवटची रात्र आणि परतीची गाडी

नाळ उतरून खाली आल्यावर काळ नदी ओलांडायची. हंगामात पाणी थोडं असतं, तरी शेवटचा टप्पा अंगावर येतो. उतरलो म्हणजे संपलं असं वाटतं आणि पुढे गावांमधून, रस्त्याने, उन्हात बराच वेळ चालायचं उरतं. इथे पायावर हट्ट नको. रिक्षा किंवा जीप मिळाली तर रायगडवाडी किंवा पाचाड गाठा. राहण्याची घरगुती सोय पाचाड-हिरकणीवाडीत मिळते. रायगड दुसऱ्या दिवशी सकाळी, चित्त दरवाजाच्या बाजूने, सामान खाली ठेवून चढा. साधारण दीड हजार पायऱ्या आहेत. गुडघ्यांनी संप पुकारला असेल तर रोपवे आहे, पण सुट्टीच्या दिवशी त्याची रांग चढाईइतकाच वेळ खाते.

जायच्या गाडीपेक्षा परतीची गाडी जास्त चुकते. जाताना स्वारगेटहून वेल्ह्याची एसटी धरता येते, किंवा सातारा रस्त्यावर चेलाडी फाट्यावर उतरून जीप मिळते. परतताना पाचाडहून आधी महाड गाठावं लागतं आणि तिथून पुण्याची एसटी. पाचाड-महाड हा तुकडा लोक विसरतात. गाड्या मोजक्या, आणि दुपारची चुकली की महाडला शेवटची पुणे बस निघून गेलेली असते. मुक्कामाच्या घरीच आदल्या रात्री वेळ विचारा आणि तिथूनच जीप सांगून ठेवा. महाडहून भोरमार्गे येणारी बस वरंध घाटातून जाते. तो घाट पावसाळ्यात आणि दुरुस्तीच्या काळात बंद ठेवतात, तेव्हा गाड्या माणगावहून ताम्हिणीने वळवल्या जातात आणि प्रवास लांबतो. महाड स्थानकात उतरल्यावर तिकिटाच्या आधी चौकशीच्या खिडकीवर हेच विचारा: आज गाडी कुठल्या घाटाने जाणार?